काचवाल्या डॉक्टरांची फेरी

दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. डॉ. केतकी वझलवार सकाळचे पेशंट आटोपून उठली, जेवणाचा डबा न उघडताच पिशवीत टाकला आणि नेमसिंगला म्हणाली, की तांड्यावर आजच जाऊन येऊ. काम साधंच होतं. मारेगाव तालुक्यातल्या आडवळणाच्या एका बंजारा तांड्यावर दोघा-तिघांना ताप असल्याचं आशाताईनं कळवलं होतं. घरोघर जायचं, ताप असेल त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं.

नेमसिंग हा केंद्रातला आरोग्य सेवक. पंचेचाळिशीचा, स्वतः दिग्रसकडच्या तांड्यात वाढलेला, मोजकं बोलणारा. त्यानं मोटरसायकल काढली आणि दोघं निघाले.

खरं तर हे काम केतकीच्या घरचंच. तिचे आजोबा नीळकंठ वझलवार हिवतापाच्या खात्यात होते. बत्तीस वर्षं ते याच जिल्ह्यातल्या तालुक्यांतून सायकलवर फिरले. दर पंधरा दिवसांनी गावात फेरी, प्रत्येक दाराशी उभं राहून एकच प्रश्न : "घरात ताप कोणाले?" फक्त तापकऱ्याचंच रक्त काचेवर घ्यायचं आणि निघताना चौकटीवर गेरूनं तारीख, सही आणि घरात किती तापकरी, तो आकडा लिहायचा. काचपट्ट्यांची पेटी सायकलला बांधलेली असायची, म्हणून लोक त्यांना काचवाले डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते, आणि दर वेळी तसं सांगतही असत. लोक ऐकत नसत.

केतकी त्यांना आबाजी म्हणायची. सुटीत दारव्ह्याला गेली की ते तिला सायकलच्या दांडीवर बसवून गावाबाहेर न्यायचे. त्यांच्या शर्टाला कायम स्पिरिटचा वास. कुणी म्हणालं, की साधाच ताप आहे, तर आबाजी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "साधा आहे असं तापानं सांगितलं का तुम्हाला?" ती डॉक्टर झाली ती त्या वासापायी आणि त्या प्रश्नापायी, असं ती नेहमी सांगे.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात ते गेले. केतकी तेव्हा नागपूरला शिकत होती. बुधवारी त्यांचा फोन आला, थोडी कणकण आहे म्हणाले. तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. साधाच ताप असेल आबाजी, गोळी घ्या, मी रविवारी येते, असं सांगून तिनं फोन ठेवला. शुक्रवारी त्यांना माणसं ओळखू येईनात. यवतमाळला नेलं. शनिवारी सकाळी सगळं संपलं. बत्तीस वर्षं जो हिवताप त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तात शोधला, तोच त्यांच्या मेंदूत चढला होता. रविवारी येण्याचं ते बोलणं दोघांतच राहिलं. केतकीनं ते आईलाही कधी सांगितलं नाही.

तांड्यावर पोचायला दीड वाजला. नेमसिंगनं गाडी लिंबाखाली लावली, आणि इंजिन बंद झाल्याबरोबर सगळीकडची शांतता एकदम अंगावर आली. कापसाची वेचणी सुरू होती. झाडून सगळी माणसं वावरात. दारांना कड्या घातलेल्या, खाटा उभ्या करून ठेवलेल्या. ऊन पांढरंफटक पडलेलं. नुकत्याच निघालेल्या सोयाबीनच्या कुटाराचा, त्या भुशाचा कोरडा, नाकात झोंबणारा वास. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडी फडफडली नाही.

आणि त्या शांततेत कुठेतरी पुढच्या बोळात टिक टिक टिक असा बारीक आवाज होत होता. कुणीतरी हातात धरून सायकल चालवत न्यावी, तसा.

"कोणी आहे वाटतं," केतकी म्हणाली. नेमसिंगनं कान दिला. तोवर आवाज थांबला होता.

पहिल्या घराच्या चौकटीशी तो वाकला आणि तसाच उभा राहिला. चौकटीवर गेरूनं लिहिलं होतं : १६/१०. खाली ०. त्याखाली सही.

"आजची तारीख आहे," तो म्हणाला. "मॅडम, इकडं आपल्याशिवाय कोणी येत नाही. आता असं गेरूनं लिहितही नाही कोणी."

केतकीनं बोट लावलं. गेरू ओला होता, बोटाला लागला. सही तिला वाचावी लागली नाही. 'नी' ची वेलांटी पार मागे नेऊन खाली वळवलेली, 'व' ला पोटात टिंब. या सहीची पत्रं तिच्या ट्रंकेत अजून होती.

भर उन्हात तिच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं.   दोघं पुढच्या दाराशी गेले. तिथेही तारीख, शून्य, सही. त्याच्या पुढच्या दारीही. एका घरावर २ होता. आतून दोन म्हातारे खोकत बाहेर आले, दोघांना कणकण होती, आणि दोघांच्याही बोटांना कापसाचे बोळे होते. नेमसिंगनं त्यांना विचारलं. म्हातारे म्हणाले, की आता तर गेले, तुम्हाला वाटेत भेटले नाहीत का? केतकीनं त्यांना तपासलं, गोळ्या दिल्या. 

जसजसे ते पुढे जात होते, तसतसा गेरू अधिक ओला होत होता. आठव्या घरावर तर तो चौकटीवरून ओघळत होता. स्पिरिटचा वास येत होता... नेमसिंगची पिशवी बंद होती. केतकीनं दोनदा पाहिलं.

तांड्याच्या टोकाचं शेवटचं घर सुखीबाईचं. म्हातारी ओट्यावर सावलीत बसली होती. हातात बांगड्या कोपरापर्यंत, डोळ्यांत मोतीबिंदू. नेमसिंगनं त्यांच्या बोलीत ओळख दिली आणि सुई काढली, तशी तिनं हात मागे घेतला.

"आता कायले पुन्हा टोचता? एकदा टोचलं ना!"

"कोणी टोचलं, आजी?" केतकी खाली बसत म्हणाली.

"तुमच्याच मानसानं. काचवाले डॉक्टर. लई सालांनी आले. मले तं वाटलं मरून गेले असतीन."

तिच्या मागच्या चौकटीवर तारीख होती. तारखेखाली २.

सुखीबाईचं अंग कोमट लागत होतं, म्हणजे एक ती. मग दुसरं कोण? केतकीनं विचारलं तेव्हा म्हातारी निवांत सांगू लागली, की सून आहे, जया. सहावा महिना लागलाय तिला. पहाटेच नवऱ्याबरोबर वेचायला गेली, जीव जड वाटतोय म्हणाली, तर सुनीलनं तिला वावरातल्या खोपीत निजवलंय. थकली असेल. काचवाल्यांना एवढं सांगितलं तर ते टेकलेसुद्धा नाहीत, चहालाही थांबले नाहीत, सायकल घेऊन तसेच वावराकडे निघाले.

"काही म्हणाले का?" केतकीनं विचारलं.

"म्हने, मांगून डॉक्टरीन येऊन राह्यली." सुखीबाईनं आठवून आठवून सांगितलं. "तिले म्हना... रविवारची वाट पाहू नको."

केतकी उठली ती धावतच. नेमसिंग पिशवी घेऊन मागे. पांदणीच्या चिंचोळ्या वाटेतून, कापसाच्या दोन उंच ओळींमधून. काळ्या मातीत सायकलच्या चाकाची एकच रेघ पडली होती, सरळ, कुठेही न डगमगता. रेघ धुऱ्याच्या बांधावरून गेली, नाला ओलांडून गेली, खोपीच्या तोंडाशी जाऊन थांबली. परत आलेली रेघ नव्हती. आजूबाजूला सायकलही नव्हती.

खोपीत अंधार होता. आत जाण्याआधी केतकी क्षणभर थबकली. आत कोण असेल, याची तिला भीती वाटत होती, आणि नसेल तर, याचीही. मग ती वाकून आत शिरली.

जया एकटीच होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फाटलेले, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर भलतंच पुटपुटली. नवऱ्याचं नावही तिला सांगता येईना. केतकीनं किटवर तिचं रक्त घेतलं. पंधरा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही, रेघ लगेच उमटली. हिवताप, आणि तोही डोक्याच्या वाटेवर निघालेला. पिशवीत इंजेक्शन होतं. शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली.

त्या दुपारी पुढचं सगळं फार भराभर झालं. नेमसिंगनं धुऱ्यावर उभं राहून हाका मारल्या, दूरच्या वावरातून सुनील आणि वेचणाऱ्या बाया धावत आल्या. जयाला खाटेवर घालून चौघांनी उचललं. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती, तिथपर्यंत केतकी सलाइनची बाटली उंच धरून खाटेबरोबर चालत राहिली. यवतमाळपर्यंत ती जयाच्या उशाशी बसून होती. वाटेत एकदा जयानं डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ विचारलं, "तो बुढा कुठं गेला? पाणी पाजत होता मले."

संध्याकाळी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवले. टपोरे, घाईघाईचे ठोके. आई वाचेल, बाळही वाचेल, म्हणाले. उद्यापर्यंत थांबला असतात तर मात्र काही सांगता आलं नसतं. सुनील व्हरांड्यात भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. केतकी त्याच्या शेजारी बसून राहिली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला छातीतून मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं.

परतताना केतकी नेमसिंगच्या मोटरसायकलवर होती; तो मागून यवतमाळला आला होता. मारेगावचा फाटा आल्यावर त्यानं विचारलं, की ते मॅडमचे कोण? केतकीनं सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याच्या लहानपणी त्याच्या तांड्यावरही ते यायचे, म्हणाला. त्याच्या आईचं रक्त त्यांनीच घेतलं होतं. मग तो म्हणाला, "मॅडम, एक समजून नाही राह्यलं. त्यांनी त्या काचा घेतल्या ना... त्या तपासते कोण?"

केतकीला हसू आलं. आबाजींच्या आठवणीनं असं मनापासून हसू तिला किती दिवसांनी आलं होतं. तिला सगळं एकदम आठवलं. दांडीवर बसून खाल्लेली सीताफळं, चढावर त्यांना लागणारी धाप, आणि धाप लागली तरी न थांबणाऱ्या त्यांच्या गप्पा. इतकी वर्षं त्यांची आठवण निघाली की तिला तो एक फोनच ऐकू यायचा. आता तो फोन मागे सरला होता आणि माणूस पुढे आला होता.

क्वार्टरवर आल्यावर तिनं आईला फोन लावला. दिवा न लावताच खिडकीशी बसून तिनं त्या बुधवारचं सगळं सांगून टाकलं. मी साधाच ताप असेल म्हणाले, रविवारी येते म्हणाले, आणि आले नाही. 

"अगं, मला माहीत होतं ते," पलीकडून आई म्हणाली. "फोन ठेवल्याबरोबर आबाजी मला सांगत आले. केतकी रविवारी येतेय, पुरण घाल म्हणाले. शुक्रवारी शुद्ध जाईपर्यंत त्याच आनंदात होते ते."

केतकी रडली, पण ते रडणं सुखाचं होतं. आईनं तिला रडू दिलं, आणि मग जेवून घे म्हणून सांगितलं. सकाळचा डबा तसाच होता. तिनं दिवा लावला, पोळ्या गरम करायला ठेवल्या आणि मोरीशी हात धुवायला गेली. दिवसभराची काळी माती आणि गेरू नखांत बसला होता. अंगात बारीक कणकण होती, दिवसभराच्या धावपळीची असेल असं मनाशी म्हणत साबण लावून ती हात चोळू लागली.

डाव्या हाताच्या अनामिकेला चुरचुरलं.

तिनं बोट दिव्याखाली धरलं. तिनं आज स्वतःला टोचलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला टोचू दिलं नव्हतं, आणि प्रत्येक सुई धरताना तिच्या हातात मोजे होते. पण बोटाच्या अगदी टोकाला सुईची ताजी खूण होती, आणि तिनं हलकेच दाबल्यावर तिथून रक्ताचा एक थेंब वर आला.