सौंदडचं पितळी इंजिन

"ओ भाऊ! मरायले आले काय इथं?"

सुलोचना ओरडली, तसं सौंदड स्टेशनात उभ्या असलेल्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनाखालून एक डोकं बाहेर आलं. नाकावर काजळी, हातात टेप.

"मरायले नाई, चाक मोजायले," तो हसला. "आन् भाऊ नका म्हणू जी... बाकी कायी बी म्हणा."

तिचे कान तापले. सानगडीच्या दवाखान्यात ती नर्स होती. दर शनिवारी याच गाडीनं गोंदियाला घरी जायची. तो हिरालाल, भंडाऱ्यातल्या पितळी भांडी घडवणाऱ्या घरातला. भांड्यांत त्याचा जीव रमेना. तो वीतभर लांबीची पितळी इंजिनं घडवायचा — हुबेहूब, चाकं फिरणारी. कलकत्त्याचे एक हौशी शेठ ती जमवत.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"तेच चाक मोजून राहिले तुमी," ती म्हणाली.

"हाव... विसरतो मी."

"काय, माप?"

"नाई. कायले आलो, तेच."

गोंदिया येईपर्यंत ती खिडकीशी बसली, उठली, पुन्हा बसली.

मग एकदा त्यानं पूर्ण झालेलं इंजिन फडक्यातून काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. तिनं बोटानं चाक फिरवलं. इवलासा दांडा मागं-पुढं झाला.

"शेठ मले कलकत्त्यालेच बोलावून राहिले," तो म्हणाला. "कायमचं."

तिचं बोट थांबलं. "मग... जाणार?"

"तुमी सांगा."

"मी कोण सांगणारी?"

गार्डानं शिटी दिली. तिनं इंजिन परत केलं आणि डब्यात चढली — स्वतःवरच चिडून.

घरी तिला पाहायला जवाहरनगरचे पाहुणे आले होते. मुलगा तिथल्या फॅक्टरीत, चांगला, शांत. सुलोचनानं चहा नेला, आणि ते जाताच म्हणाली, "मले नाई करायचं."

"काहून?" आईनं, चंद्रभागाबाईंनी, विचारलं.

काय सांगणार? हिरालाल अजून काही बोललाच नव्हता.

आठवडाभर तिला चैन पडेना. इंजेक्शनची सुई उकळायला ठेवायची आणि तिथंच उभी राहायची. शनिवारी सौंदडला गाडी आली, हिरालाल नाही. गाडी तिच्यासमोरून गेली. ती चढलीच नाही. बाहेर येऊन तिनं भंडाऱ्याची बस धरली.

विचारत विचारत ती त्याच्या कारखान्याच्या दाराशी पोचली. आत कानस घासल्याचा आवाज येत होता.

"कलकत्ता?" तिनं दारातूनच विचारलं.

तो दचकून उठला. "इंजिन गेलं. मी नाई गेलो."

"काहून?"

"तिथं... तुमी नाई."

"मग आज सौंदडले काहून नाई आले?"

"तुमचं लग्न जुळलं, असं ऐकलं. मोटर स्टँडवर कोणी बोलत होतं..."

"नाई जुळलं. मी नाई म्हटलं. तुमी विचाराल म्हणून थांबली होती."

हिरालालनं कानस खाली ठेवली. नीट ठेवली, तरी ती घरंगळली.

"इचारू?"

"मले नाई. माझ्या बाबांले. उद्या या घरी." ती वळली, आणि हसू दाबत पुन्हा मागं पाहिलं. "आन् हात धुऊन या!"