डिकीतले गमबूट

संस्कृती ठुबेनं नगरच्या शोरूममधल्या पांढऱ्याशुभ्र अमेझ गाडीची डिकी उघडायला लावली आणि सोबत आणलेलं सामान एकेक करून आत रचायला घेतलं. नवरीच्या मेकअपचा चंदेरी बॉक्स, केसांच्या सामानाची बॅग, दिवे लावलेला गोल आरसा आणि त्याचा स्टँड. आजूबाजूचे लोक वळून वळून बघत होते. बघू देत! पारनेरपासून जामखेडपर्यंत नवऱ्या सजवत फिरणाऱ्या मुलीला पहिली गाडी घ्यायची, तर डिकीत सामान मावतं की नाही हे नुसतं वाचून कसं कळणार?

सगळं मावलं. तिच्या गालावर खळी पडली… आणि तेवढ्यात तिच्या आरशाशेजारी दोन गमबूट येऊन उभे राहिले. काळे, गुडघ्याएवढे उंच.

"अहो! हे काय?"

"गमबूट," मागून एक शांत आवाज आला.

"ते दिसतंय मला. पण माझ्या सामानात कशाला?"

"तुमचं सामान? सॉरी हं… मला वाटलं, डिकी केवढी आहे ते दाखवायला शोरूमवाल्यांनीच मांडून ठेवलंय."

ती वळली. उन्हानं रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक उंच तरुण चांगलाच ओशाळून उभा होता.

"वास येतोय बुटांना," ती नाक मुरडत म्हणाली.

"नाही नाही, बूट धुऊन आणलेत. वास बहुतेक…" तो घुटमळला. "बहुतेक माझा असेल. सकाळी एका म्हशीकडे जाऊन आलोय."

रागवायचं ठरवलं होतं तिनं, पण हसू आधी आलं.

तो अमृत खर्डे, कोल्हारचा जनावरांचा डॉक्टर. मोटारसायकलवर गोठे पालथे घालून कंटाळला होता, आणि आईचे गुडघे आता मोटारसायकलवर बसू देत नव्हते. "छोटी गाडी परवडली असती," तो म्हणाला, "पण तिच्यात सामान आणि माणसं एकाच हवेत बसतात. माझे गमबूट आणि आमची आई एका हवेत बसू शकत नाहीत. म्हणून वेगळ्या डिकीवाली पाहिजे."

"माझंही तेच. हॅचबॅकमध्ये माझा आरसा मागच्या सीटवर झोपवावा लागतो."

शोरूममधली दिपाली नावाची मुलगी चावी घेऊन आली. टेस्ट ड्राइव्हची गाडी एकच होती आणि दोघांनाही आत्ताच हवी होती. "एकत्रच चला ना," तिनं तोडगा काढला. "एकानं जाताना चालवा, एकानं येताना."

जाताना स्टिअरिंग संस्कृतीकडे आलं. चुलत्याच्या टेम्पोवर गाडी शिकलेली ती. गाडी मनमाड रोडला लागली, हिवाळ्यातलं कोवळं ऊन काचेवर सांडलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. केवढी हलकी चालतेय ही! टेम्पोचा गिअर दोन्ही हातांनी ओढावा लागायचा.

"मागं कसं वाटतंय हो, डॉक्टर?" तिनं आरशातून विचारलं.

"पाय पसरता येतायत. आईला आवडेल. पण…"

"पण काय?"

"तुम्ही समोर बघा ना. सारखं आरशात बघताय."

"मी मागची गाडी बघतेय!"

"बरं… मग मागच्या गाडीला सांगा, तुमची खळी छान आहे."

शेजारी बसलेली दिपाली खिडकीबाहेर बघत ओठ दाबून हसली. संस्कृतीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि समोरचा गतिरोधक तिला दिसलाच नाही. गाडी धाडकन उडाली. मागं अमृतचं डोकं छताला लागलं.

"उंचीचाही अंदाज आला," तो डोकं चोळत म्हणाला.

तिथून दोघं डिझायर बघायला गेली, कारण दुसरं मत घ्यायला बरोबर कुणीतरी असलेलं बरं. निदान दोघांनीही कारण तेच दिलं. नंतरच्या रविवारी ऑरा बघितली. चालवायला ती, मागं बसायला तो, मग उलट. गाड्या बघून झाल्या की रस्त्याकडेच्या टपरीवर चहा आणि वाद. तिला अमेझची डिकी सोडवत नव्हती. त्याला डिझायरची मागची सीट आवडली होती, शिवाय मायलेज. ऑराच्या सीएनजीवर दोघांचंही मन गेलं होतं, पण डिकीत सिलिंडर आला की आरसा आणि गमबूट जाणार कुठं?

मग फोन सुरू झाले. गाडीचेच. 'पांढरा रंग घ्यावा का? धूळ दिसते.' 'पारनेरला काय न् कोल्हारला काय, धूळ सगळ्याच रंगावर दिसते.' 'ऑटोमॅटिक घेऊ की गिअरची?' 'गिअरची घ्या. तुमचा हात गिअरवर छान दिसतो.' हे शेवटचं वाचून तिनं मोबाईल उशीखाली सारला आणि पुन्हा काढून वाचलं. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. आपापली पसंतीची गाडी केव्हाच ठरली होती, तरी बघणं काही संपेना!

घरी मात्र वेगळंच वारं वाहत होतं. संस्कृतीचे वडील मच्छिंद्र ठुबे यांचं पारनेरच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान. माणूस मायाळू, पण चार लोक काय म्हणतील याचा घोर फार.

"आगं, लग्नाआधी पोरीनं गाडी घेतली की स्थळवाले बिचकत्यात," ते जेवता जेवता म्हणाले. "सुप्याचं पाव्हनं यायचंय म्होरल्या आठवड्यात. लगीन झाल्यावर नवरा घीलच की गाडी."

"त्यानं घेतलेली त्याची असेल, दादा. मला माझी पाहिजे."

"तुझं-माझं काय आसतंय संसारात?"

ती ताटावरून उठली. ताटातली भाकरी तशीच राहिली.

नगरच्या टपरीवर भेटल्यावर तिनं हे सगळं अमृतला सांगितलं. सुप्याच्या पाहुण्यांचं ऐकून त्याच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. बोटं भाजली तरी त्याला कळेना. ती त्याच्याकडे बघत होती. आता काहीतरी बोलेल हा… आता…

आणि तो बोलला. घाईघाईनं, एका दमात.

"मग दोन गाड्या कशाला? एकच घेऊ की आपण! तू बुकिंग करू नकोस. माझी बुक केलेली डिझायर येतेच आहे, त्यातच तुझे बॉक्स ठेवू. तुला लागेल तेव्हा मी सोडत जाईन."

त्याच्या डोळ्यांत केवढा आनंद होता! पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं.

"सोडत जाशील…" ती सावकाश म्हणाली. "दादा पण हेच म्हणतात, अमृत. फक्त ते तुझं नाव घेत नाहीत."

"अगं, मी तर…"

"मला वाटलं, निदान तुला तरी कळलं असेल, मी स्टिअरिंग धरल्यावर मला काय होतं ते."

ती उठली, समोर थांबलेल्या पारनेरच्या एसटीत चढली आणि खिडकीतून मागं वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचे भरलेले डोळे त्याला दिसले असते ना…

घरी आल्यावर ती सरळ दुकानात गेली. "दादा, मी उद्या गाडी बुक करतेय. अमेझ. सुप्याच्या पाहुण्यांना आधीच सांगा. बिचकणारा मुलगा मला नकोच आहे."

मच्छिंद्ररावांनी मापातलं बी तसंच हातात धरून लेकीकडे पाहिलं. तिचे लाल डोळे, घट्ट मिटलेले ओठ… हातातलं माप त्यांनी खाली ठेवलं.

"रडून आलीस व्हय?"

"हो."

"गाडीपायी?"

"…थोडी गाडीपायी."

ते उसासले. "घे मंग. पन माझ्या म्होरं रडू नको बाई. मला न्हाई बघवत."

त्याच संध्याकाळी फोन वाजला. अमृत. तिनं वाजू दिला. पुन्हा वाजला. तिनं उचलला.

"संस्कृती, ठेवू नकोस… मी चुकलो. तुला मागणी घालायची होती गं मला, आणि मी तुझी गाडीच मागून बसलो."

पलीकडे कुठंतरी गाय हंबरत होती.

"गाडी तुझी तूच घे. तुझ्या नावावर, तुझ्या पसंतीची. आणि मला उत्तर देण्याची घाई करू नकोस. गाडी आली, आणि मनात आलं… तर कोल्हारला ये. नाही आलीस तर मी समजून घेईन. म्हणजे, प्रयत्न करीन."

"ठेवते," एवढंच ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो छातीशी धरून बसली.

गाडी आली त्या दिवशी वडिलांनी स्वतःच्या हातानं बॉनेटवर हार घातला आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "आमच्या पोरीची हाय. तिच्या कमाईची!" संस्कृतीला भडभडून आलं, पण तिनं दादांचं ऐकलं. रडली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. एकटी. दादांना सांगून. "कोल्हारला एक मुलगा बघायला चाललेय," असं ती म्हणाली तेव्हा दादांच्या हातातला चहा बशीत सांडला, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

सुपा मागं पडलं, नगर मागं पडलं. विळद घाट ती सावकाश उतरली. राहुरीपुढं उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आडवे येत होते. एकेकाला हॉर्न देत, मागं टाकत ती पुढं जात होती. दोन्ही काचा खाली, वाऱ्यानं ओढणी उडतेय, गुऱ्हाळाचा गोड वास आत येतोय… आपण स्वतः चालवत चाललोय! कुणी सोडायला आलेलं नाही. आपल्याला जायचंय म्हणून चाललोय… त्याच्याकडे. प्रवरेचा पूल आला तेव्हा तिनं गाडी कडेला घेऊन ओढणी सारखी केली आणि पुन्हा गिअर टाकला.

खर्ड्यांचं घर विचारत विचारत ती मळ्यात पोहोचली. अंगणात एक ठेंगण्या, गोऱ्या बाई गुडघे चोळत बसल्या होत्या. अमृतची आई, बनुबाई.

"कोन पाहिजे, बाई?"

"मी पारनेरहून आलेय. मुलगा बघायला."

बनुबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत तिच्याकडे. "आगं बाई! संस्कृती का काय ती तूच व्हय? त्यो गोठ्यात हाय. गाय व्याया लागलीय. लई घान झालाय गं, थांब जरा, आंघोळ करू दी त्याला…"

"नको. असाच बघते."

ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. अमृत गुडघ्यांवर बसून गाईच्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता. नुकतंच जन्मलेलं, ओलंचिंब वासरू गवतावर धडपडत होतं. त्यानं मान वर केली… आणि तसाच थिजला.

"तू?"

"उठा. मुलीकडचे आलेत."

तो उठला. दोन्ही कोपरांपर्यंत हात बरबटलेले, कपाळाला गवताची काडी चिकटलेली. बनुबाई तोंडाला पदर लावून दारातच थबकल्या.

"स्वयंपाक येतो का?" संस्कृतीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"चहा येतो. भात… बिघडतो."

"लग्नानंतर बायकोनं काम केलेलं चालेल?"

त्यानं क्षणभर विचार केला. "चालेल, असं मी कोण म्हणणार? ते तिचं तिनं ठरवायचं."

"आणि गाडी?"

"माझी पुढच्या महिन्यात येतेय. आईसाठी घेतलीय." त्याचा आवाज खाली आला. "तुझ्या गाडीत… बोलावलंस तर येईन."

वासरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं.

"मग… काय ठरलं?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"घरी जाऊन कळवतो, असं म्हणायची पद्धत आहे ना?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिला वाटलं होतं, थोडं छळावं. पण तो चेहरा बघून तिला ते जमलंच नाही.

"पण पारनेर लांब आहे," ती पुढं होत म्हणाली, "आणि मला तेवढा दम नाही. इथंच सांगते, अमृत. मुलगा मला पसंत आहे. फार… फार पसंत आहे."

"हात नको धरूस, खराब आहेत…"

तिनं धरला.