निळा थेंब

"मैना, त्या गॅलरीखाली पाळणा बांधू नको वो. छत वलं होऊन राहिलं," घरमालकीण केशरबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. बासष्ट सालचा अकोल्याचा एप्रिल... आभाळात ढगाचं नाव नाही. छत ओलं कशानं होणार? शिवाय तिथं वारं लागायचं.

आठवडाभरात गिलाव्याचा पोपडा पाळण्यात पडला. सुमी माझ्या मांडीवर होती म्हणून वाचली!

तिचे बाबा गेल्यापासून तीच काय ती माझी. मी तशीच जिना चढले. वर नव्यानं राहायला आलेले पोस्टातले देवमन गॅलरीच्या दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होते. गारव्याचा सुगंध सुटला होता. मला बघून त्यांचा लोटा हातातच राहिला.

"तुमचा गारवा माझ्या लेकीच्या अंगावर पडतो!"

"माझं पाणी तं पन्हाळीतून जाते, बाई."

"मग खाली छत काहून गळून राहिलं?"

मी त्यांच्या बादलीत कपड्यांची नीळ कालवून ताटीवर ओतायला लावली. गॅलरीतल्या कुंड्यांना हळदीचं पाणी, म्हणजे गळतं ते कुठलं हे रंगावरून कळेल. खाली येऊन दोघं माना वर करून उभे राहिलो... टप्! निळा थेंब थेट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"ताटीचंच हाये जी," ते ओशाळून हसले.

"वर ताटीखाली, उंबऱ्याजवळ फट दिसली मला, ती बुजवा. नाहीतर मी घर सोडते."

"घर नका सोडू... ताटीच काढून टाकतो."

"आणि उन्हात भाजून निघाल? फटच बुजवा!"

रविवारी त्यांनी फट खरवडून सिमेंट भरलं, पन्हाळीकडे उतार दिला, वर ओलं पोतं टाकलं. मी सुमीला कडेवर घेऊन पहारा केला. सिमेंट पक्कं झाल्यावर पन्हाळीत चिंधी कोंबून गॅलरीत पाणी साठवलं. मी खाली तळहात पसरून उभी.

कठड्यावरून त्यांचा चेहरा डोकावला. "पडला का?"

"नाही."

जरा वेळानं पुन्हा, "आता?"

"नाही!"

ऊन उतरलं तरी हात कोरडाच.

"मग... राहता ना?"

"भाडेकरू म्हणून?"

"नाही..." ते चाचरले. "माह्या घरी. सुमीले घेऊन."

हात अजून पसरलेलाच होता — मी तो मागे घेतला नाही.

बुद्धविहारात लग्न झालं. सुमी आता चालते. या उन्हाळ्यात ताटी भिजवायचं काम बापलेकींनी घेतलंय, आणि मघापासून वरून आवाज नाही. स्वयंपाक अजून खालच्या खोलीतच करते, माझे हात पिठात आहेत... ही गोष्ट ऐकत तुम्ही जिन्यापाशीच बसला आहात, तर जरा वर डोकावता? सुमी कठड्यापासून लांब आहे ना — एवढं बघून सांगा.