पेटीचा विसावा

जुन्या कापडाची पेटी पोचल्या पोचल्या उघडायची नसते.

आई सांगते, ही पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायची.

पक्ष्याचा डोळा भरायचा राहिला तर तो पक्षी आंधळा नव्हे, अपुरा.

गार चमचा मनगटावर ठेवला की धडधड उतरते. नेहमी नाही. पण बिचाऱ्या चमच्यानं तरी किती करायचं?

विमानतळावर रडणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, कोणाला तरी सोडायला आला असेल.

"भीती वाटली की लगेच फोन कर," ताई म्हणाली होती. "फक्त मी झोपलेली असताना भीती वाटू देऊ नकोस."

•

तर, ती. एका वस्तुसंग्रहालयात जुन्या कापडांची निगा राखते. फाटलेलं जोडत नाही, फक्त आणखी फाटू देत नाही. काम इतकंच, पण त्यात दिवस कसा जातो कळत नाही. आणि हात कामात असले की छातीतलं ते पाखरू गप्प बसतं.

ते पाखरू लहानपणापासूनचं. रांगेत, लिफ्टमध्ये, अनोळखी दारापाशी… कुठेही फडफडायला लागतं. त्यासाठी डॉक्टर आहे, गोळ्या आहेत. घरात आई आणि ताईला माहीत. कामावर कोणालाही नाही.

आणि नेमका तिच्याच खात्यातला एक भरतकामाचा पलंगपोस परदेशातल्या संग्रहालयानं प्रदर्शनासाठी मागून घेतला. अशी वस्तू एकटी जात नाही. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तसं वस्तूबरोबर माहेरचं एक माणूस जातं. समोर पेटी उघडून घेतं, सगळं नीट आहे ना ते बघतं आणि परत येतं. प्रदर्शन संपलं की पुन्हा जाऊन वस्तू घेऊन येतं. खात्याच्या मॅडम एरवी स्वतःच जायच्या, पण त्यांचा गुडघा धरला.

"तू जा," मॅडम म्हणाल्या.

ती हो म्हणाली. नाही म्हणायची भीती वाटली म्हणून.

पण तिनं मनाशी पक्कं केलं होतं — फक्त पोचवायला. आणायला दुसरं कोणीतरी. एकदा म्हणजे एकदाच.

•

तिकडच्या विमानतळावरच्या मालगोदामात गारठा होता. बाहेर भुरभुर पाऊस. पत्र्यावर त्याचा आवाज येत होता, न येत होता. ती पेटीवर तळहात ठेवून उभी होती. विमानात डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"घाबरू नकोस हं," ती पुटपुटली. "पोचलो आपण."

"कोण घाबरलंय, पेटी?"

ती अशी दचकली, की समोरचाही दचकला.

"अगं बाई!" तो म्हणाला.

हा बाप्या 'अगं बाई' म्हणतो? उंच, खांद्यावर पावसाचे थेंब, कानामागे पेन्सिल. तिकडच्या संग्रहालयाचा सुतार होता. पेट्या बांधायच्या आणि उघडायच्या, हे त्याचं काम. जन्म तिथलाच. मराठी आईकडून शिकलेला, त्यामुळे दचकला की आईसारखाच दचकायचा.

"तुम्ही मराठी…?"

"घरात. आणि पेट्यांशी. तुमच्या पेटीला दुसरी भाषा येत असेल असं वाटलं नाही मला."

तिला हसू आलं. हसल्यावर लक्षात आलं, की गेल्या कितीतरी तासांत आपण पहिला पूर्ण श्वास घेतला.

"चला पाठराखीणबाई," तो म्हणाला. "नवरीला आत घेऊ."

•

नियम असा, की पेटी नव्या जागेत एक दिवस तशीच ठेवायची. आतल्या रेशमाला तिथली हवा, तिथला गारवा अंगवळणी पडू द्यायचा. एकदम उघडलं तर धागा दचकतो.

म्हणजे एक अख्खा दिवस तिला काहीच काम नव्हतं. परक्या गावात, हॉटेलच्या खोलीत, छातीतल्या पाखराबरोबर.

सकाळी सकाळी ती संग्रहालयाच्या तळघरात हजर.

"पेटी उद्या उघडायची ना?" तो रंधा मारता मारता थांबला.

"हो, पण… आमच्याकडे नियम आहे. पेटीजवळ बसावं लागतं."

असा नियम जगात कुठेही नाही. ज्यानं आयुष्यभर पेट्या उघडल्या, त्याला हे माहीत नसणार? त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. ते ओढणीच्या टोकाची गुंडाळी करत होते. तो आत गेला आणि दोन खुर्च्या घेऊन आला.

"दुसरी कशाला?"

"आमच्याकडेही नियम आहे. पाहुणीला एकटं बसू द्यायचं नाही."

तो दिवस असा गेला — लाकडाच्या भुशाचा वास, उंच खिडकीतून दिसणारे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय, आणि गप्पा. त्यानं ओळखायला शिकवलं, की घाईत कोण आहे आणि प्रेमात कोण.

"तो बघा. तपकिरी बूट. प्रेमात."

"कशावरून?"

"त्याच खिडकीवरून तिसऱ्यांदा चाललाय."

"वाट चुकला असेल."

"तेच तर म्हणतोय मी."

ती खिडकीकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे बघणं अवघड होऊन बसलं होतं. हेही धडधडणंच होतं, पण… वेगळं. याला चमचा नको होता.

संध्याकाळी आईचा फोन.

"जेवलीस का?"

"हो."

"पाखरू?"

"आहे. पण बसलंय."

मागून ताईचा आवाज — "विचार, एकटंच बसलंय की जोडीनं?"

"ताई, फोन ठेव!"

"म्हणजे जोडीनं," ताई आईला म्हणाली.

•

दुसऱ्या दिवशी स्क्रू निघाले, झाकण निघालं, कागदाचे पापुद्रे निघाले. पलंगपोस टेबलावर पसरला आणि तळघरात अचानक बाग उगवली. पोपटी, डाळिंबी, हळदी… आणि पक्षीच पक्षी.

आता दोघांनी मिळून इंच न् इंच तपासायचं. तो बॅटरीचा उजेड तिरपा धरून दोष सांगणार, ती जुना की नवा ते सांगणार. जुना म्हणजे आधीपासूनचा, कोणाचा काही दोष नाही. नवा म्हणजे प्रवासात झालेला. मग कोणालातरी उत्तर द्यावं लागतं.

"डावा कोपरा. डाग."

"जुना. चहाचा असावा."

"इतक्या भारी कापडावर चहा?"

"आळशी माणसं सगळ्या काळात होती."

"वेलीजवळ घडी."

"जुनी."

"हा पक्षी… याला डोळाच नाही."

"अपुरा आहे. भरणारीला कोणीतरी हाक मारली असणार."

"आणि ती परत आलीच नाही?"

तिनं वर पाहिलं. टेबलाच्या दोन बाजूंनी वाकलेले दोघे, मध्ये बाग. त्याच्या पापण्यांवर लाकडाचा भुसा होता. तिला तो फुंकावासा वाटला. छे, काहीतरीच.

"पुढे बघा," ती म्हणाली.

"बघतो." पण त्याचा आवाज बदलला. "मोराची शेपटी. इथे… धागा तुटलाय."

तिनं भिंग लावलं. रेशमाची दोन टोकं, ताजी, लखलखीत.

नवा.

पाखरू उठलं. कानात गुणगुण, बोटांना मुंग्या, भिंती एक पाऊल पुढे आल्या. "मी… आलेच," म्हणत ती हिरव्या बाणाच्या दारातून बाहेर पडली आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

दाराच्या काचेतून तिला तो दिसत होता. त्यानं आधी पलंगपोसावर मऊ कागद पसरला, चारी कडा नीट बघितल्या, दिवा मालवला. मगच तो आला. त्याही अवस्थेत तिच्या मनात आलं — बरोबर केलं यानं. आधी कापड. आणि याच कारणासाठी तो तिला फार फार आवडला.

तो दोन पायऱ्या खाली बसला.

"डॉक्टर बोलावू?"

"नको."

"पाणी?"

"नको."

"मी जाऊ?"

"…नको."

दीर्घ श्वास घ्या म्हणाला नाही, घाबरण्यासारखं काय आहे त्यात म्हणाला नाही. नुसता बसून राहिला, दुपारच्या उन्हासारखा. हळूहळू भिंती आपल्या जागी गेल्या.

मग तिनंच सांगितलं. पाखरू, गोळ्या, चमचा, विमानात तोंडावर रुमाल धरून काढलेली वेळ. कामावर कोणाला ठाऊक नाही तेही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे प्रवासात झालेलं नाही?"

"नाही. जुनं आहे. आधीपासूनचं."

"मग आमच्याकडे त्याची जबाबदारी येत नाही."

"नाही," ती डोळे पुसत हसली. "अजिबात नाही."

"आणि… कोणाला आपखुशीनं घ्यायची असेल तर?"

ती उठली. चेहरा तापला होता. "आधी मोर बघू," ती म्हणाली.

•

मोराच्या शेपटीवर आधाराचे बारीक टाके होते. सगळे सैल. आधार देतात, पण ओढ लावत नाहीत. हवेनुसार कापड फुगलं, आक्रसलं तरी त्याला हलायला जागा राहते. एकच टाका घट्ट होता. अगदी करकचून. धागा तुटला होता तो नेमका त्याच्या शेजारी.

"हा कोणी घातला?" त्यानं विचारलं.

तिनं भिंग खाली ठेवलं. "मी."

निघायच्या आदल्या दिवशी. सगळं तपासून झालं होतं, घडी घालायची होती, आणि तिला वाटलं — सुटलं तर? म्हणून आणखी एक टाका. जरा जास्तच घट्ट. सगळ्या पलंगपोसात जिथे तिनं सर्वांत जास्त काळजी घेतली, तेवढंच तुटलं होतं.

"मॅडमना सांगावं लागेल," ती म्हणाली.

त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि बॅटरी घेऊन टेबलाशी उभा राहिला.

"अगं, पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?" मॅडम कडाडल्या.

"टाका धरायला असतो, बांधायला नाही."

"मग?"

"घाबरले होते, मॅडम. मी… प्रवासालाच घाबरते. घराबाहेर पडायला घाबरते. गोळ्या चालू आहेत. तुम्हाला सांगितलं नव्हतं."



"मग गेलीस कशी, बये?"

"नाही म्हणायची भीती वाटली."

मॅडम आधी खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या. मग कळलं, हसतायत. "मला एवढी घाबरतेस? बरं, ऐक. तो टाका काढ, सैल घाल, तुटलेली टोकं बसव, मला फोटो पाठव. रागवेन, पण इथे आल्यावर." आणि मग एकदम मऊ आवाजात — "आणि परत आणायला मी दुसरीला पाठवते. तू नको जिवाला त्रास करून घेऊस."

हेच तर हवं होतं. घरून निघताना हेच पक्कं ठरलं होतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं… सोपं, सुटसुटीत, बिनधोक. पाखरू तर आधीच हो म्हणून मोकळं झालं होतं.

टेबलापाशी तो उभा होता, हातात उजेड धरून, मुद्दाम दुसरीकडे बघत.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "मीच येईन. म्हणजे… मीच जाईन."

"नक्की?"

"भीती वाटेल. पण जाईन."

फोन ठेवून ती सुई ओवायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"टाका काढ म्हणाल्या."

"आणि?"

"आणि प्रदर्शन संपलं की न्यायला मी येणार आहे."

मोराच्या शेपटीवरचा उजेड थरथरायला लागला.

"उजेड हलवू नका."

"मी नाही हलवत," तो म्हणाला. "तोच हलतोय."

•

विमानतळावर पुन्हा भुरभुर. त्याच्या खांद्यावर पुन्हा थेंब.

"आमच्याकडे प्रदर्शन संपायची वाट कोणीच बघत नाही," तो म्हणाला. "संपलं की पेट्याच पेट्या, मरणाचं काम. या खेपेला मी बघणार आहे."

"तोवर फोन आहे की."

"फोनवर काय बोलू?"

"पेट्यांशी बोलता तेच."

ती दोन पावलं गेली. थांबली. परत फिरली. पाखरू पंख पसरून तयार. तरीही —

"ऐक ना," ती म्हणाली, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "मला तू आवडतोस. हे बोलायचीही भीती वाटतेय. पण बोलून टाकते."

"अगं बाई," तो म्हणाला.

मग त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. घट्ट नाही. तिला हवे तेव्हा काढून घेता येतील असे. तिनं काढून घेतले नाहीत. मागचे लोक सामानाच्या गाड्या वळवून वळवून पुढे गेले.

"आत भीती वाटली तर?" त्यानं विचारलं.

"वाटेलच."

"मग?"

"मग वाटेल. आणि मी पोचेन."

"खिडकीची जागा घे," तो म्हणाला, अगदी जाणकारासारखा. "ढगांकडे बघत राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही."

तिनं खिडकीची जागा घेतली.

तो स्वतः तोवर एकदाही विमानात बसलेला नव्हता.