बारा मिनिटं थबकलेला खेळ

"मावशी, मला कायमचं काढून टाकलं."

सोमवारी सकाळी ज्ञानेश्वरी आतल्या खोलीतून आली, एवढंच बोलली आणि चुलीवरचं दूध उतू जावं तशी रडायला लागली.

मंजुळाबाईंनी एकतीस वर्षं पोलिसात काढली होती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मुदतीआधीच हवालदारकी सोडली, पण रडणाऱ्याला आधी पाणी आणि मग प्रश्न ही सवय काही सुटली नव्हती. त्यांनी भाचीच्या हातात पेला दिला, तोही अर्धाच भरून. दुष्काळाचा मे महिना होता. सिडकोत नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं.

"आता सांग. कशातनं काढलं?"

"बुरूजमधनं."

'बुरूज' हा मोबाईलवरचा खेळ. इकडं तिघं, तिकडं तिघं, गोळीबार करत बुरूज ताब्यात घ्यायचा. मंजुळाबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भाचीचा संघ येत्या शनिवारी पुण्याला अंतिम फेरीत खेळणार, आणि तिथं नाव काढलं तर वर्षभर पुण्यातच राहून खेळायची संधी मिळणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाही मिळाली तर दिवाळीनंतर ज्ञानेश्वरीचं लग्न, असं गावी, करमाडला, तिच्या बापानं ठरवूनच ठेवलं होतं.

आयोजकांचं पत्र मंजुळाबाईंनी दोनदा वाचलं. शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीस ते सहा एकतीस या वेळात ज्ञानेश्वरीच्या खात्यावरून आपोआप नेम धरून देणारं चोरटं अॅप वापरलं गेलं. तक्रार आली, तपासणीत खरी निघाली. आजन्म बंदी. खुलासा करायचा तर मंगळवारी पाचच्या आत.

"तू केलंस?"

"नाय. आईशप्पथ नाय."

"शुक्रवारी संध्याकाळी तू कुठं होतीस?"

"करमाडला. चुलतबहिणीची हळद होती. फोन पिशवीत होता."

"मग हे लिहून टाक की. पन्नास माणसं साक्ष देतील."

ज्ञानेश्वरी खाली बघत बसली. मंजुळाबाईंनी असल्या माना खूप पाहिल्या होत्या. निम्मं खरं सांगून झालं की माणूस जमिनीकडं बघतो.

"ज्ञानू, तू खेळली नाहीस, पण तुझ्या नावावर कुणीतरी खेळलं. त्याला तुझा पासवर्ड कुठनं मिळाला?"

"मीच दिलेला, मावशी. रोज खेळलं नाय की क्रमांक घसरतो. परीक्षा असली, गावाला गेलं की एकमेकांच्या खात्यावर खेळायचं. सगळेच करतात."

"नियमात बसतं का?"

"नाय. तीन महिने बंदी. म्हणून तर लिहिता येईना."

मंजुळाबाईंना तिचा राग आला आणि कीवही आली. मोठ्या लबाडीचा आळ पुसायचा तर छोटी कबूल करायची, अशी ती गोची होती.

"पासवर्ड कुणाकुणाकडं?"

"तिघांकडं. रामप्रसाद कॅप्टन, सुकेशनी आणि खंडूमामा."

रामप्रसाद आणि सुकेशनी हे संघातले दोन भिडू. आणि खंडू म्हणजे खंडेराव, मंजुळाबाईंचा सगळ्यात धाकटा भाऊ. तो चार वर्षांचा असताना आई गेली. मंजुळाबाईंनी त्याला आपल्या पगारावर वाढवला. 'बुरूज' खेळायला ज्ञानेश्वरीला त्यानंच शिकवलं होतं.

"मामाचं नाव सोड," ज्ञानेश्वरी म्हणाली. "त्यानं तर माझ्यासाठी मार्चमधली निवड चाचणी सोडून दिली."

मंजुळाबाई पुन्हा पत्रात डोकं घालून बसल्या.

"हे काय? 'सहा वाजून चार ते सहा सोळा, खेळाडू जागेवर निश्चल.' म्हणजे?"

"म्हणजे बारा मिनिटं माणूस फोनला हात लावत नव्हता. लोकांनी त्याला उभ्या उभ्या दोनदा मारलं."

"लाइट गेली असेल."

"फोनला लाइट कशाला लागते? आणि नेट गेलं असतं तर खातं बाहेर पडलं असतं. खातं आत व्हतं, माणूस जागेवर नव्हता."

"असं मधनं उठतं कुणी?"

"घराला आग लागली तरी नाय उठत, मावशी."

मंजुळाबाईंनी डायरीत बारा मिनिटं असं लिहिलं आणि चपला घातल्या.

*

रामप्रसाद वाळूजच्या एका कारखान्यात कामाला. तो बजाजनगरच्या खोलीवर दुसऱ्या पाळीला निघायच्या गडबडीत सापडला.

"शुक्रवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"कारखान्यात, मावशी. तीन ते अकरा."

"फोन?"

"गेटवर जमा. आत नेऊच देत नाहीत. वॉचमनला विचारा."

त्यांनी विचारलं. वॉचमननं वही काढून दाखवली. रामप्रसादचा फोन तीनला जमा केलेला, अकरा दहाला परत घेतलेला.

"ज्ञानूच्या जागी आता कोण येणार?" निघताना त्यांनी विचारलं.

"मला माझा आत्येभाऊ बन्सी पाहिजे व्हता. पण आपल्या हातात काय नाय. मार्चच्या चाचणीची यादी आयोजकांकडं आहे, त्यातनं ते घेणार."

सुकेशनीचं घर मुकुंदवाडीत. तिचं आणि ज्ञानेश्वरीचं पंधरा दिवसांपूर्वी चांगलंच वाजलं होतं. ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"भांडलो आम्ही. गोळ्या ती घालते आणि मरायला मी पुढं, असं किती दिवस चालायचं? पण म्हणून मी असलं करीन व्हय?"

"शुक्रवारी संध्याकाळी?"

"नळाला पाणी आलं व्हतं. साडेपाच ते साडेसहा पाणीच भरत व्हते."

मंजुळाबाईंचे कान टवकारले. "मधनं उठलीस?"

"उठायला फुरसत कुठली? करंगळीएवढी धार, तिलाबी मोटर लावायची. हंडा भरला की दुसरा लावायचा. विचारा आईला."

तिची आई पारूबाई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तासभर दोघी मायलेकी नळावर व्हतो. फोन माझ्या डब्यात पडला व्हता, तांदळाच्या."

"तांदळात?"

"भिजला व्हता, सुकायला ठेवलेला. त्यावरनंच तर नळावर आमचं मायलेकींचं भांडण झालं." ती सुकेशनीकडं बघून हसली.

शेवटी त्या बीड बायपास ओलांडून सातारा परिसरात खंडूकडं गेल्या. शहर तिकडं असं पसरलं होतं की इमारती आधी आल्या, रस्ते मागून आले आणि पाण्याची लाइन अजून यायचीच होती. दारोदार निळे ड्रम मांडलेले. पुढं मोबाईलचं दुकान आणि मागं राहायची खोली, असा खंडूचा संसार होता.

"आक्का, ये. माझ्या लेकरावर कोण उठलं, नाव सांग. तंगडी तोडतो त्याची." त्यानं चहा सांगितला, पंखा बहिणीकडं वळवला. मंजुळाबाईंना बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासारखं चिडलं होतं.

"विचारायचं म्हणून विचारते. शुक्रवारी संध्याकाळी तू कुठं होतास?"

"हितंच दुकानात. गिऱ्हाईकं चालूच व्हती. फोन हातात घ्यायला सवड नव्हती बघ."

"सुकेशनीवर संशय येतो का तुला?"

"पोरगी तिखट आहे. मी काय बोलू? तूच बघ."

चहावाला कप घेऊन आला, पण पाणी नव्हतं. खंडू ओशाळला. "ड्रम खाली आहे, आक्का. शुक्रवारी टँकर येऊन गेला, त्यानंतर त्याचा पत्ता नाय."

मंजुळाबाईंनी चहा अर्धाच प्याला. घरी न जाता त्यांनी रिक्षा केली आणि टँकर जिथं भरतात तिथं गेल्या. त्या भागाचा टँकर पुंजाराम चालवत होता, जुनी ओळख होती. तो प्रत्येक गल्लीत पाणी पोचल्याची चिठ्ठी करायचा आणि तिथल्याच कुणाची तरी सही घ्यायचा, नाहीतर साहेब खेप झाली मानत नसत. मंजुळाबाईंनी शुक्रवारच्या चिठ्ठ्या मागितल्या. एक चिठ्ठी त्यांनी उन्हात धरून पाहिली. मग त्या टँकरच्या सावलीत दगडावर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"हवालदारबाई, चक्कर आली का?" पुंजारामनं विचारलं.

"नाही. एक फोन करायचाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आयोजकांचा नंबर लावला.

*

मंगळवारी तीनला त्यांनी सगळ्यांना खंडूच्याच दुकानात बोलावलं. रामप्रसादनं त्यासाठी त्या दिवशीची पाळी बुडवली होती. ज्ञानेश्वरी मामाच्या शेजारीच स्टुलावर बसली.

"मला हा खेळ कळत नाही," मंजुळाबाईंनी सुरुवात केली. "पण ज्ञानू म्हणाली, घराला आग लागली तरी यातनं कुणी उठत नाही. मग शुक्रवारी चोर का उठला? या गावात यंदा माणूस हातातलं सगळं टाकून पळतो ते एकाच गोष्टीसाठी. पाण्यासाठी."

सुकेशनी सावरून बसली. "पाणी आमच्याकडं आलं व्हतं. म्हणजे मीच का?"

"तुझ्याकडं नळाचं पाणी. ते तासभर धरून ठेवतं. त्या तासात कुणाला एकोणचाळीस मिनिटं खेळता येणार नाही. रामप्रसादचा फोन गेटवर. बारा मिनिटांत उरकतं ते टँकरचं पाणी. ड्रमाशी उभं राहायचं, पाइप धरायचा, भरला की संपलं. तिथं उभं नाही राहिलं तर टँकर पुढच्या दारात जातो. आणि तिघांपैकी टँकरवर जगणारा एकच आहे."

ज्ञानेश्वरी हसली. तिला वाटलं, मावशी चुकली.

"आक्का, गल्लीत चाळीस घरं आहेत," खंडू म्हणाला.

"चाळीस घरांत ज्ञानूचा पासवर्ड एकाकडंच." मंजुळाबाईंनी चिठ्ठीचा फोटो फोनवर उघडून समोर ठेवला. "शुक्रवार, सहा वाजून दहा. सही तुझी. ही सही तुला मी शिकवलीय, खंडू. पुंजारामला चांगलं आठवतंय. तुझ्या एका हातात पाइप होता आणि काखेतल्या फोनमधनं गोळीबाराचे आवाज येत होते. मला मात्र तू म्हणालास, फोन हातात घ्यायला सवड नव्हती."

"खेळत आसन. माझ्या खात्यावर."

"तुझं खातं त्या दिवशी उघडलंच नव्हतं. काल आयोजकांना विचारलं. आणखी एक विचारलं, ज्ञानूच्या जागी कोण जाणार. चाचणीतला चौथा. तू चाचणी सोडली नव्हतीस. तू हरलास. ज्ञानूच्या एका जागेनं मागं राहिलास. ती हळदीला जाणार हे तुला ठाऊक होतं. तिच्या नावावर चोरटं अॅप चालवलंस, आणि तक्रारही तूच केलीस. तक्रारीचा नंबर तुझ्या दुकानाचा आहे."

ज्ञानेश्वरी स्टुलावरून उठली आणि रामप्रसादच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मामा?"

खंडूनं तिच्याकडं पाहिलंच नाही. तो बहिणीशी बोलला.

"पासवर्ड मी चोरला का? तिनंच दिला. तिचे निम्मे सामने मी खेळलोय, आक्का. तवा कुणी लबाडी म्हणलं नाय. वर चढवलं ते चाललं, आणि खाली आणलं की लबाडी? ती एकवीस वर्षांची आहे, तिला अजून दहा चाचण्या आहेत. मला छत्तिसाव्या वर्षी कोण बोलावणार व्हतं?"

"खंडू..."

"आणि माझ्या दहावीच्या गणिताला खिडकीतनं चिठ्ठी कुणी टाकली? बंदोबस्ताला तूच व्हतीस, वर्दीत. त्याला काय म्हणायचं?"

रामप्रसाद आणि सुकेशनीनं माना दुसरीकडं वळवल्या. मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षं त्यांनी ती गोष्ट माया या नावाखाली ठेवून दिली होती.

"लबाडी म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मी केली. तुला वाटलं, आपल्या माणसाच्या हातनं झाली की ती चालते. ते तू माझ्याकडनंच शिकलास. पण मी कुणाच्या पोरीचा गळा नव्हता कापला रे."

मग त्या भाचीकडं वळल्या. "खुलासा लिहिला की पासवर्डचं लिहावं लागेल. आजन्म बंदी जाईल, तीन महिन्यांची येईल. पुणं हातचं गेलं. नाही लिहिलं तर मामा शनिवारी तुझ्या जागी खेळेल. तू सांगशील तसं."

ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले. "लिही. माझंबी लिही, त्याचंबी लिही. करमाडला मी बघते काय सांगायचं ते."

मंजुळाबाईंनी तिथंच काउंटरवर कागद घेतला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारो जबाब लिहिले होते, हात कधी अडला नव्हता. आरोपीशी नातं या शब्दांपाशी तो अडला. मग त्यांनी लिहिलं, सख्खा भाऊ. चार वाजून वीस मिनिटांनी खुलासा गेला. खंडूनं शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. त्याला कुणी हाक मारली नाही.

घरी जाताना रिक्षात, सेव्हन हिल्सच्या उड्डाणपुलावर, ज्ञानेश्वरी म्हणाली, "मावशी, मार्चमधी यादीत माझं नाव आलं तवा पहिला फोन मी मामालाच केला व्हता. तो लई हसला. म्हणला, माझं लेकरू जिंकलं."

"मग?"

"मग मी त्याला विचारलं, तुझा कितवा नंबर आला. तो म्हणला, मी गेलोच नाय गं, तुझ्यासाठी सोडली. मी त्या दिवशी त्याच्यासाठी रडले व्हते."

मंजुळाबाईंनी तिचा हात हातात घेतला. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.