शेजारची खुर्ची

जिने चढून ती धापा टाकत लॅबमध्ये शिरली, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिला आधी ते दिसलं, मग सुई घेऊन उभा असलेला तंत्रज्ञ.

त्याने सुई खाली ठेवली. "अर्धा तास शांत पडा. धावत आलेल्या माणसाचं रक्त खोटं बोलतं."

शांत पडणं कुठून जमणार? आईचं दुखणं पिच्युटरीवरच्या गाठीनेच सुरू झालं होतं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता लेकीच्या रक्तातही त्याच ग्रंथीतून सुटणारं प्रोलॅक्टिन जास्त निघालं होतं. बाबांना तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

तिचा चेहरा पाहून तो शेजारच्या खुर्चीत टेकला आणि मेंदूच्या बुडाशी लोंबणाऱ्या त्या मटाराएवढ्या ग्रंथीचं कौतुक सांगत बसला. थायरॉइड, वाढ, पाळी... सगळीकडे हुकूम तिचा. पण तिचाही कान धरणारी वर एक आहेच, हायपोथॅलॅमस.

"थोरली जाऊबाईच म्हणा. इतर हार्मोन्सना ती 'सुटा' म्हणते, प्रोलॅक्टिनला मात्र दिवसभर दाबून धरते. माणूस गडबडला की पकड ढिली होते."

"म्हणजे स्प्रिंग, आणि तिला अडवणारा खटका," ती म्हणाली. किल्ली न देता जन्मभर चालणारं एवढंसं यंत्र... आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला त्या ग्रंथीचा राग आला नाही.

आकडा पुन्हा जास्त आला. पुढच्या आठवड्यातल्या तपासणीआधीही तो अर्धा तास शेजारी बसून राहिला, ती पोट धरून हसली, आणि आकडा आणखी चढला. डॉक्टर स्कॅनचं बोलू लागले. मग त्याचा फोन आला, तुटक... उद्या परत या, मी नसेन, लॅबमधल्या ताई रक्त घेतील.

ते तिला लागलं. ती एकटीच छताकडे बघत पडून राहिली. ताईंनी अवाक्षर न काढता रक्त घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन तो जिन्यातच उभा होता. आकडा अगदी ठीक होता. तिने तो तीनदा वाचला, मग बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. तो तोवर दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला.

"चूक माझी," तो म्हणाला. "त्या अर्ध्या तासात पेशंटशी बोलायचं नसतं. मी दोन्ही वेळा बसलो."

"मी घाबरले होते म्हणून—"

"पहिल्या वेळी. दुसऱ्या वेळी तुम्ही हसत होतात." तो रिकाम्या हातांकडे पाहत राहिला. "त्या दिवशी माझं रक्त तपासलं असतं ना, तर माझ्याच डोक्यात गाठ शोधत बसले असते."

ती चार पायऱ्या उतरली, आणि वळली.

"तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय. दुकानात घेऊन या. पण काम चालू असताना शेजारी बसायचं नाही, माझा हात थरथरतो."

"मग कुठे बसू?"

"समोर," ती म्हणाली. "तिथेही थरथरेलच... पण दिसाल तरी."