बोरीपाशी कुणीतरी

मी भार्गवी. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून खोटी शेतं बनवते. खालची धूळ वर येते, ती तेवढी खरी असते. विनाचालक ट्रॅक्टरचे सेन्सर खऱ्या मातीत उतरण्याआधी माझ्या संगणकातल्या शेतात तपासतात. तिथं शेळी चाकाखाली आली तरी कुणाचं काही जात नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

हसनाबादच्या भुजंगकाकांचं शेत मी असंच उतरवलं. बांध-धुरे, विहीर, बोरीचं झाड, सगळं मोजून. पण खोटा ट्रॅक्टर दर फेरीला बोरीपाशी थांबायचा. सेन्सर सांगायचा : समोर माणूस, बसलेला, उंची अडीच फूट. तिथं नुसती माती होती. मला ठाऊक होतं, कारण ती मातीही मीच घातली होती.

चाळीस फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी खऱ्या शेतात चाचणी होती, आणि आपलं काही चुकलंय हे कबूल करायची मला लाज वाटत होती. मी तेवढ्या जागेवर खूण केली : इथं काही दिसलं तरी दुर्लक्ष कर. तीच आज्ञा खऱ्या ट्रॅक्टरमध्येही गेली. पुढच्या फेरीला खोटा ट्रॅक्टर सरळ निघून गेला. मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

सकाळचे दहा वाजले असतील. रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर नांगराचं तास धरून चालला होता. डिझेलचा आणि तापलेल्या मातीचा वास येत होता. भुजंगकाका धुऱ्यावर माझ्याशेजारी उभे होते.

"बोरीपाशी थांबती ना ताई, तुमची मशीन?"

"का हो काका?"

"माझी माय बसायची तिथं, भाकर घेऊन. तिथंच जीव गेला तिचा... आम्ही अजून औत थांबवतो. म्हणतो, माय, सरक जरा. मंग पुढं जातो."

मी बोरीकडे पाहिलं, तर काकांच्या पत्नी, नंदाकाकू, भाकरीचं टोपलं ठेवायला नेमक्या त्याच जागी वाकल्या होत्या. ट्रॅक्टरचा आवाज जवळ येत होता, तरी त्या वळून बघत नव्हत्या. मशीन माणूस पाहून आपोआप थांबते, असं मीच त्यांना सकाळी सांगितलं होतं. मी हातातलं बंद करायचं बटण दाबलं, दाबतच राहिले...

ट्रॅक्टर टोपल्यावरून गेला आणि मग थांबला. धूळ खाली बसली. काकू दोन हात अंतरावर, बाजूला मातीत बसलेल्या होत्या. साधं खरचटलंही नव्हतं.

"कुणी ढकललं मला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणीच न्हाई इथं," काका म्हणाले.

"बाई होती... म्हणली, सरक जरा."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. मला रडू आवरेना.

त्याच दुपारी जालन्याला येऊन मी ती खूण पुसली आणि खोटा ट्रॅक्टर पुन्हा सोडला. त्यानं बोरीपाशी थांबावं, असं मला मनापासून वाटत होतं. तो थांबला नाही. समोर कुणी नाही. दहा फेऱ्या केल्या, कुणी नाही.

मग सीटखालच्या सेन्सरकडे लक्ष गेलं. माझ्या खोट्या शेतात चालक नाही, मी तो बनवलेलाच नाही. बोरीपर्यंत सीट रिकामी असते. बोर ओलांडली की नोंद बदलते : माणूस, बसलेला.

अहवालात 'चालक' असा एक रकाना आहे. तिथं 'नाही' लिहून सही करायची, एवढंच काम उरलंय. तीन आठवडे झाले, तो रकाना मी कोराच ठेवलाय.